डबीचा नाद

गावात या यंत्राला रेकॉर्डर कोणी म्हणत नाही, डबीच म्हणतात. आणि मला डबीवाले गुरुजी. शिकवणं हा पोटाचा धंदा. सुट्टीच्या दिवशी आणि भल्या पहाटे मी गोंदियाकडच्या बाघ नदीच्या अलीकडच्या गावांतून आवाज गोळा करत हिंडतो. बांधीतले सारस, रोवणीच्या बायकांची गाणी, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतली दंडार, कवेलूवरचा पाऊस. कोणती डबी घ्यावी असं हल्ली बरेच जण विचारतात. मला उत्तर माहीत आहे, हा त्यांचा समज मी मोडत नाही. माझ्याजवळ आहे ते एवढंच.

१. दुकानात बोलून पाहिली तर प्रत्येक डबी चांगलीच ठरते. तोंडापासून वीतभर अंतरावर "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" म्हटलं की पाच हजारांची आणि पन्नास हजारांची डबी जवळपास सारखीच बोलते. जवळचा, जोरकस आवाज यंत्राचे सगळे दोष झाकून टाकतो. परीक्षा घ्यायची तर ती शांततेत. मी रीत काढली ती अशी: रात्री पंखा बंद करायचा, डबी गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवायची, गेन शेवटपर्यंत वर न्यायचा आणि दोन मिनिटं चालू ठेवायची. मग ऐकायचं. त्यात जो बारीक 'स्स्स्' ऐकू येतो तो कपाटाचा नसतो, डबीचा स्वतःचा असतो. बायकोने विचारलं, "कपाटात काय रेकॉर्ड करताय?" मी म्हणालो, "काहीच नाही." इतकं खरं उत्तर मी तिला क्वचितच दिलं असेल.

२. तुलना करायची तर आवाज एकच हवा. एका डबीवर पाऊस टिपायचा, दुसरीवर कोकिळा, आणि मग 'हिचा आवाज गोड आहे' असं म्हणायचं, यात डबीचं काहीच कळत नाही. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या हिंदुस्थानच्या भाषा-पाहणीत बोलीबोलीचा नमुना म्हणून बायबलातली उधळ्या मुलाची एकच गोष्ट उतरवून घेतली होती. पुढे १९१३ ते १९२९ या काळात ग्रामोफोनच्या तबकड्या भरल्या, त्यांतल्या बऱ्याच तबकड्यांवरही तीच गोष्ट आहे. मजकूर एकच असला की फरक दिसतो तो बोलीचा. मी माझ्यापुरता असा एक ठरीव मजकूर केला: तीन हातांवर टिकटिकणारं भिंतीवरचं घड्याळ आणि सुपातून वर्तमानपत्रावर सोडलेले मूठभर तांदूळ. तांदूळ एचएमटीचेच असतात. तो वाण शोधणाऱ्या दादाजी खोब्रागड्यांनी त्याला एचएमटी घड्याळाचंच नाव दिलं होतं, त्यामुळे माझी सगळी प्रयोगशाळा एका कंपनीची झाली. पण गंमत सोडा. घड्याळाची टिकटिक दोन्ही रेकॉर्डिंगांत सारखी मोठी करून घेतली, की मागे उरलेला 'स्स्स्' कुणाचा जास्त हे लगेच कळतं. आणि कागदावर पडणारा तांदूळ हा फार कडक परीक्षक आहे. साध्या डबीत त्याचा नुसता फर्राटा होतो, चांगल्या डबीत दाणा न दाणा वेगळा ऐकू येतो.

३. माहितीपत्रकावरचा आकडा खरा असतो, पण अंतरापुढे त्याचं काही चालत नाही. हे कळायला मला सारसाने शिकवणी दिली. यंत्राच्या स्वतःच्या खरखरीचा आकडा 'इनपुट नॉइझ' या नावाने छापलेला असतो. तो उणे असतो आणि जितका जास्त उणे तितका चांगला. झूमच्या एफ-३ या डबीचा तो -१२७ डीबीयू आहे, म्हणजे उत्तमच. खिशात मावणाऱ्या स्वस्त डब्यांचे निर्माते बहुधा हा आकडा छापतच नाहीत आणि त्यातूनच आपण काय ते समजून घ्यायचं. मी कित्येक रात्री या आकड्यांचे तक्ते करण्यात घालवल्या. मग एकदा साधा हिशेब डोळ्यांसमोर आला. उघड्या रानात आवाजाचं अंतर निम्मं झालं की पातळी सहा डेसिबलने वाढते. चारशे मीटरवरून पन्नास मीटरवर आलो की अठरा डेसिबल पदरात पडतात. पैसे ओतून एवढा फरक मिळवायचा म्हटलं तर भारी डबीसुद्धा पुरी पडेलच असं नाही.

पण सारसाच्या जवळ जायचं नसतं. पावसाळ्यात त्याचं घरटं भर बांधीत, पाण्यातल्या गवताच्या ढिगाऱ्यावर असतं. आपण धुऱ्यावरून दोन पावलं जास्त टाकली तरी जोडी मान वर करून उभी राहते आणि अंडी उघडी पडतात. पक्ष्याच्या आवाजाचं जगातलं सगळ्यात जुनं ज्ञात रेकॉर्डिंग १८८९ सालचं आहे. लुडविग कॉख नावाच्या लहान जर्मन मुलाने घरातल्या पाळीव शामाचा आवाज मेणाच्या नळकांड्यावर टिपला. शामा हा आपल्याकडचा पक्षी. पण तो पिंजऱ्यात होता, त्यामुळे कॉखला अंतराची चिंता नव्हती. मला ती आहे. म्हणून आता मीच लांब राहतो आणि डबी जवळ जाते. शेतमालकाला विचारून, घरट्यापासून दूर, जोडी जिथे चरायला उतरते तिथल्या धुऱ्यावर अंधार असतानाच डबी ठेवून द्यायची आणि गावात येऊन चहा प्यायचा. सारसाची श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळे घालून बसलेली असते, त्यामुळे जोडीने साद घातली की ती कोस-दोन कोस जाते. चहा पिताना ती ऐकू येते, आणि त्या क्षणी डबी तिथे असते, मी नसतो. सुरुवातीला हे अपमानास्पद वाटायचं.

इथेच हेही सांगून टाकतो. टिपलेली साद पक्ष्याला परत वाजवून दाखवत नाही. त्याला वाटतं दुसरी जोडी हद्दीत शिरली, आणि पिल्लं सोडून तो भांडायला धावतो. रेकॉर्डिंग कुणाला दिलं तर गावाचं नाव देत नाही, तालुका सांगतो. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः आमच्याच बाजूला. वनविभाग, 'सेवा' संस्थेचे कार्यकर्ते आणि शेतकरी मिळून दर वर्षी त्यांची गणना करतात, आणि २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. एवढी माणसं ज्याला जपतात त्याचा पत्ता मी वाटत फिरू नये.

४. हेडफोनमधली खरखर डबीची असेलच असं नाही. हे मला फार उशिरा कळलं आणि तोवर मी एका चांगल्या डबीला बरंच बोलून घेतलं होतं. काही डब्यांमध्ये हेडफोनकडे आवाज नेणारा भागच हलका असतो. जागेवर ऐकताना 'स्स्स्' येतो, पण घरी फाइल संगणकावर लावली की ती स्वच्छ निघते. उलटही होतं. म्हणून कोणत्याही डबीबद्दलचं मत मी रानात बनवत नाही, घरी येऊन बनवतो.

५. वारा कानाला लागत नाही, मायक्रोफोनला लागतो. आपल्याला वाटतं पहाट निवांत आहे, पान हलत नाही. आणि घरी ऐकलं की ट्रक उलटा घेत असल्यासारखी घरघर! डबीसोबत येणारी स्पंजची टोपी पंख्याखाली बोलण्यापुरती ठीक. पण बांधीवरून येणाऱ्या वाऱ्याला ती काहीच नाही. त्याला लांब केसांची टोपी लागते. विकतची टोपी बघितली तर डबीच्या किमतीच्या मानाने नाकापेक्षा मोती जड. मग गोंदियाच्या बाजारातून खेळण्यातल्या अस्वलाचं कापड आणलं आणि शिंप्याकडे गेलो. शिंप्याने माप घ्यायला विचारलं, "कुनासाठी?" मी डबी पुढे केली. तो काही बोलला नाही, पण त्याने शिवणकामाचे पैसे नाकारले. बहुधा दया आली असावी. त्या टोपीसकट डबी धुऱ्यावर ठेवली की लांबून मुंगसासारखी दिसते आणि गावातली पोरं तिला मुंगूसच म्हणतात. एका कुत्र्याने तिच्यावर हल्लाही केला. ते रेकॉर्डिंग मी ठेवलं आहे. कुत्र्याच्या नाकातला श्वास इतक्या जवळून मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, आणि आवाजाच्या दर्जाच्या बाबतीत माझ्या संग्रहात त्याला तोड नाही.

डबीत खालचे आवाज कापणारं बटण असतं. साधारण ऐंशी हर्ट्झच्या खालचा आवाज ते कमी करतं आणि वाऱ्याची घरघर बरीचशी त्याच पट्ट्यात असते. पण वाऱ्याने मायक्रोफोनच्या पडद्याचाच तोल गेला असेल तर मागाहून काही कापून उपयोग नाही. टोपी आधी, बटण नंतर.

६. 'ऑटो' नावाच्या सोयीवर माझा राग आहे आणि तो जाईल असं वाटत नाही. ऑटोवर ठेवलं की डबी आपणच पातळी ठरवते. दंडारीत याचा चांगलाच प्रत्यय येतो. नाच्या हळू आवाजात काही गमतीचं सांगत असतो, मंडईतली माणसं कान टवकारून बसलेली असतात. अशा वेळी डबी शांतता आहे असं समजून गेन चढवते, आणि मागच्या शेंगदाणेवाल्याचं तराजू पुढे येऊन उभं राहतं. तेवढ्यात ढोलकीवर थाप पडते, डबी घाबरून सगळं खाली ओढते आणि पुढची ओळ विहिरीतून आल्यासारखी ऐकू येते. दंडारीचा जीव ज्या चढउतारात असतो, तोच ही सोय पुसून टाकते. म्हणून हाताने पातळी ठेवायची, सगळ्यात मोठी थाप -१२ च्या आसपास राहील अशी. मधल्या शांततेसाठी चोवीस बिटांची मोजणी पुरेशी खोल असते. सोळा बिटांत शहाण्णव डेसिबलचा पल्ला मिळतो, चोवीसमध्ये कागदावर एकशे चव्वेचाळीसचा. खरं तर कोणत्याही डबीचा स्वतःचा 'स्स्स्' त्याच्या बराच आधी येऊन भेटतो.

आता बत्तीस बिट फ्लोटच्या डब्या आल्या आहेत, त्यांत पातळी लावायचीच नसते. मागाहून वर-खाली करा, काही फाटत नाही. मित्राची तशी डबी घेऊन मंडईला गेलो तेव्हा हाताला काही कामच उरलं नाही, आणि चक्क दंडार बघता आली. ती सोय फार मोठी. पण ऐकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ती डबीच्या आतल्या मोजणीची सोय आहे. मायक्रोफोनच फाटला तर तिला काही करता येत नाही, आणि मायक्रोफोनची खरखरही ती कमी करत नाही. झाडीपट्टीच्या नाटकात स्टेजसमोरच्या मोठ्या स्पीकरपुढे जो कोणी डबी ठेवेल त्याला बत्तीस काय, चौसष्ट बिटही वाचवू शकत नाहीत.

७. पेन्सिल सेलवर चालणारी डबी बरी. आत पक्की बसवलेली बॅटरी दिसायला छान, पण माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या यात्रेत दिवस काढायचा असेल तर चार्जिंगची पिन कुठे लावणार? पेन्सिल सेल पानठेल्यावरही मिळतात. मात्र बाहेरच्या मायक्रोफोनला ४८ व्होल्ट पुरवायला लागले की पानठेल्यावरचे सेल गाणं संपायच्या आत मान टाकतात. चार्ज होणारे चांगले सेल जवळ ठेवायचे, पानठेल्यावरचे अडीअडचणीला. ओल लागू नये म्हणून डबीच्या डब्यात मी सिलिका जेलच्या पुड्या टाकतो. तांदूळ टाका म्हणून सल्ला देणारे गिरण्यांच्या या जिल्ह्यात फार. पण तांदळाचं पीठ डबीच्या फटींत गेलं तर ते निघता निघत नाही.

८. घड्याळ चुकलेल्या डबीतला आवाज अनाथ असतो. सेल काढले की काही डब्या तारीख विसरतात आणि नव्या फाइलला कुठल्यातरी भलत्या सालची जानेवारी चिकटवतात. फाइलींना नावं द्यायची त्यांची पद्धतही तशीच रुक्ष: शून्य, शून्य, शून्य, एक. मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांतलं नवेगावबांध आजही तिथलं तळं बघितल्यासारखं वाटतं, त्याला त्यांच्या नोंदींचा आधार आहे. आवाजाला तर नोंद जास्तच हवी, कारण चित्र सांगतं तसं तो स्वतःबद्दल काही सांगत नाही. म्हणून मी आता सुरुवातीलाच बोलतो. तारीख, वेळ, जागा, हवा, धान किती वर आलंय, डबी कुणाकडे तोंड करून ठेवली आहे. आधी लाजायचो. अंधारात धुऱ्यावर उभं राहून स्वतःशीच "वारा नाही, उजवीकडे बोडी" म्हणणाऱ्या माणसाबद्दल गाव काय म्हणेल? गाव जे म्हणायचं ते म्हणून मोकळं झालं आहे.

९. रेल्वे काढून टाकता येत नाही, आणि टाकूही नये, असं मला आता वाटतं. मुंबई-हावडा मार्ग आमच्यातून जातो आणि गोंदिया जंक्शनवरून मालगाड्या दिवसरात्र निघतात. पहाटे हवा थंड असली की गाडीची घरघर मैलोन्मैल बांध्यांवरून पसरत येते आणि सारसाच्या सादेखाली अंथरल्यासारखी राहते. माझं सगळ्यात आवडतं सारसाचं जे रेकॉर्डिंग आहे त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक मालगाडी आहे. एका जाणकाराने सांगितलं, खालचं कापून टाक, पक्षी स्वच्छ ऐकू येईल. कापून पाहिलं. पक्षी स्वच्छ झाला, पण तो कुठला आहे तेच कळेना. गोंदिया-जबलपूर छोट्या लाइनच्या इंजिनाची शिट्टी आता कुठे ऐकायला मिळणार? ती वाजत होती तेव्हा माझ्यासारख्यांनी ती आवाजातली अडचणच मानली असती.

१०. डबीचं तोंड माणसाकडे केलं की माणूस बदलतो, आणि त्याला कुठलंही चांगलं यंत्र उपाय नाही. लाल दिवा लागला की आजी टीव्हीवर बोलल्यासारखं पुस्तकी बोलू लागतात, रोवणीचं गाणं भजनासारखं सावरून म्हणतात. दिव्यावर काळी पट्टी चिकटवण्याचा सल्ला मिळाला होता, पण चोरून टिपणं मला पटत नाही. विचारायचं, दाखवायचं, आणि मग चहा होईपर्यंत चालू ठेवायची. खरी गाणी चहानंतर येतात. कचारगडला काही ठिकाणी 'इथे नाही' असं सांगितलं गेलं, तिथे डबी पिशवीत गेली. तिथल्या आवाजांबद्दल मी इथे काही लिहीतही नाही. खाटेवर बसलेल्या माणसाचं रेकॉर्डिंग करताना डबी खाटेवर ठेवायची नाही हेही इथेच नोंदतो. बाजेची सुतळी प्रत्येक हुंकाराबरोबर करकरते आणि ती करकर लाकडातून थेट डबीत चढते. पाटावर दुपट्ट्याची घडी, घडीवर डबी.

११. ज्याचा आवाज, त्याच्याकडे तो परत गेला पाहिजे. हेमा राईरकर आणि गी प्वातवें यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या, त्या लाखावर गेल्या. नव्वदच्या दशकात बर्नार बेल यांनी त्यांतल्या पुष्कळ डिजिटल टेपवर उतरवल्या. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या, तेव्हा तिथली मंडळी त्यांतल्या काही गायिकांच्या घरी पुन्हा जाऊन पोचली. मी हे वाचलं आणि एका आजींच्या गाण्याची प्रत घेऊन निघालो. चोवीस बिट, अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झ, तासाला एक जीबी या हिशेबाने भरलेली, खरखर जवळपास नाहीच. आजींजवळ बटणांचा फोन होता. मोबाइलच्या दुकानात ती सगळी श्रीमंती एमपी-थ्रीमध्ये दाबून मेमरी कार्डावर घातली, आणि रुपयाएवढ्या स्पीकरमधून गाणं वाजलं. दाण्यासारखा वेगळा ऐकू येणारा बांगड्यांचा आवाज, मागचं पाणी, सगळं गेलं होतं. आजींनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाल्या, "माया आवाज असाच आहे. पन हा कोंबडा कोनाचा वरडते जी?"

कोंबडा कोणाचा, यावर घरात बराच वेळ चर्चा झाली आणि ती शेजारच्या घरापर्यंत गेली. मग त्या म्हणाल्या, "हे गानं अर्धंच हाये. झेलनारी आमगावले गेली लेकीकडं. थे आली का या डबी घेऊन." झेलणारी भाऊबीजेपर्यंत काही येत नाही, असं नातवाने मला दारातून निघताना सांगितलं.